न्यायसहायक मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण : आधी पाया कोणता घालावा?

कृष्णाकाठ (सांगली) यांचा प्रश्न

नमस्कार. मी सांगलीजवळच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षात शिकत आहे. पुढे न्यायसहायक मानसशास्त्रात, म्हणजे सगळे ज्याला फॉरेन्सिक सायकॉलॉजी म्हणतात त्या विषयात, पदव्युत्तर शिक्षण घ्यावे असे गेली दोन वर्षे मनात घोळत आहे. त्याला एक प्रसंग कारण आहे. माझी आत्या अंगणवाडी सेविका आहे. तिच्या वस्तीतील एका लहान मुलीची पॉक्सोच्या, म्हणजे बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या, खटल्यात साक्ष होती आणि आत्यासोबत मीही न्यायालयात गेले होते. बाहेरच्या बाकावर ती मुलगी माझ्या ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळत आणि सोडवत बसली होती. पुकारा झाला तरी तिने ते टोक सोडले नाही. मला ते तिच्या मुठीतून काढून घ्यावे लागले. मला अर्थातच आत जाता आले नाही. आत्याने नंतर सांगितले की मुलगी बहुतेक प्रश्नांना नुसती मान हलवून हो म्हणत गेली, एकमेकांशी न जुळणाऱ्या प्रश्नांनाही. लहान मुलाला जे घडले ते नीट सांगता यावे यासाठी प्रश्न कसा विचारायचा, याचे काही शास्त्र नक्कीच असणार, आणि ते मला शिकायचे आहे.

आता माझी अडचण सांगते. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठात या विषयाची थेट एम.एस्सी. आहे. दुसरीकडे आमच्या बाई म्हणतात की आधी एम.ए. करून क्लिनिकल म्हणजे चिकित्सालयीन मानसशास्त्राकडे जा, बाकीचे नंतर पाहता येईल. तिसरे, मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थांचे नाव एका मैत्रिणीने सुचवले. वडिलांच्या परिचयातील एक गृहस्थ इंग्लंडला जाण्याचा सल्ला देतात, पण त्यासाठी कर्ज काढावे लागेल. वडिलांचा प्रश्न अगदी साधा आहे आणि मला तो रास्त वाटतो. ते विचारतात, "हे शिकल्यावर तुला कोण बोलावणार आणि कशासाठी?" या क्षेत्रात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


निरीक्षणगृह_पुणे यांचे उत्तर

कृष्णाकाठ, मी चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ असून गेली बारा वर्षे विधिसंघर्षग्रस्त बालकांसोबत, म्हणजे अपराधाचा आरोप असलेल्या मुलांसोबत, काम करते आहे. तुमच्या वडिलांचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. आपल्याला कोण बोलावणार, हे पदवीच्या नावावरून ठरत नाही. कायद्यात कोणाचा उल्लेख आहे आणि समोरचे न्यायालय कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवते, यावरून ते ठरते.

बाल न्याय अधिनियम, २०१५ मधील कलम १५ घ्या. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर घोर अपराधाचा आरोप असेल, म्हणजे ज्याला किमान सात वर्षांची शिक्षा आहे असा, तर त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालवायचा का हे ठरवण्याआधी बाल न्याय मंडळाला प्राथमिक मूल्यांकन करावे लागते. अपराध करण्याची त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता, अपराधाचे परिणाम समजण्याची कुवत आणि ज्या परिस्थितीत तो घडल्याचा आरोप आहे ती परिस्थिती, एवढे सगळे त्यात पाहायचे असते. यासाठी मंडळ अनुभवी मानसशास्त्रज्ञांचे साहाय्य घेऊ शकते, असे कलमात म्हटले आहे. मंडळात बालमानसशास्त्र किंवा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला व्यावसायिक सदस्य नसेल, तर हे साहाय्य घेणे बंधनकारक मानले जाईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली स्पष्ट केले. एका मुलाचे पुढचे आयुष्य कोणत्या दाराने जाणार, याचा निर्णय होताना आपला अहवाल टेबलावर असतो. वडिलांना हे सांगा.

दुसरे उदाहरण. आरोपीची मनःस्थिती ठीक नसल्याचे दिसले तर काय करायचे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम ३६७ मध्ये आहे. त्यात जिल्हा शल्यचिकित्सकाने आरोपीला ज्यांच्याकडे पाठवायचे ते म्हणजे मनोविकारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. 'फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट' हे शब्द तिथे नाहीत. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ मध्येही व्याख्या आहे ती चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाचीच. यासाठी तुमच्या बाईंचे म्हणणे मला पटते. आधी माणसाच्या मनाच्या आजाराची आणि निरोगीपणाची ओळख करून घ्यावी आणि मग ती ओळख कायद्याच्या प्रश्नाला कशी लावायची ते शिकावे. हा क्रम उलटा झाला की अहवालात कायद्याची भाषा येते, पण समोरचा माणूस दिसत नाही.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करण्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. त्यासाठीचा रुळलेला रस्ता दोन वर्षांच्या पूर्णवेळ एम.फिल.चा होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने एम.फिल. बंद केल्यानंतर या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदत दिली होती. त्यामुळे पुढचे प्रवेश ज्या नावाने आणि ज्या संस्थेत घ्याल, त्या अभ्यासक्रमाला परिषदेची मान्यता त्या वर्षासाठी आहे ना, हे पैसे भरण्याआधी परिषदेच्या यादीत स्वतः पाहा. संस्थेच्या जाहिरातीवर विसंबू नका. माझ्या ओळखीच्या दोन मुलींनी एका खासगी संस्थेत दोन वर्षे घालवली आणि नोंदणीच्या वेळी त्यांना कळले की त्या अभ्यासक्रमाला मान्यताच नव्हती.

आता त्या मान हलवणाऱ्या मुलीविषयी. तुम्ही जे पाहिले त्याला आमच्याकडे सूचनक्षमता म्हणतात. समोरचा मोठा माणूस जे सुचवतो त्याला होकार देण्याकडे असलेला हा कल आहे. गिस्ली गुडयॉन्सन या मानसशास्त्रज्ञांनी तो मोजण्यासाठी १९८४ साली एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. सुचवणाऱ्या प्रश्नाला माणूस किती वेळा होकार देतो आणि 'तुझी काही उत्तरे चुकली आहेत' असे दटावल्यावर किती वेळा उत्तर बदलतो, या दोन गोष्टी त्यात वेगवेगळ्या मोजतात. मी हे पुस्तकात शिकले होते, पण मला ते खरे कळले ते एका मुलाकडून. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलला आहे.) मुलगा सतरा वर्षांचा, ऊसतोड कामगाराच्या घरचा, शाळा सहावीत सुटलेली. मी त्याला एकेक गोष्ट समजावून सांगत होते आणि प्रत्येक वेळी तो म्हणत होता, "कळतंय." पाऊण तासात त्याने हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की माझ्या कागदावर सगळीकडे 'समज पुरेशी' अशा खुणा झाल्या. शेवटी मी विचारले, "कळतंय म्हणजे काय कळतंय, ते तुझ्या शब्दांत सांग बरं." तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तुमचं इच्यारायचं झालं की मला जेवाया सोडणार, ह्ये कळतंय." जेवणाची घंटा होऊन वीस मिनिटे झाली होती आणि माझे तिकडे लक्षच नव्हते. तो भुकेला होता आणि लवकर सुटण्यासाठी प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होता. मी ते सगळे कागद बाजूला ठेवले, दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा नाश्ता झाल्यावर गेले आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्या दिवसापासून मी माझ्या प्रत्येक अहवालात मुलाखतीची वेळ, मुलगा किती वाजता जेवला होता आणि मुलाखत कोणत्या भाषेत झाली हे लिहिते.

भाषेबद्दल आणखी लिहायला हवे, कारण मराठीत काम करणाऱ्याला हे दुसरे कोणी शिकवणार नाही. "त्याच्या हातात कोयता होता ना?" आणि "त्याच्या हातात काय होतं?" या दोन प्रश्नांत फरक आहे तो त्या 'ना'चा. आपल्याकडे 'ना' लावून विचारलेल्या प्रश्नाला नाही म्हणणे हा मोठ्यांचा अवमान वाटतो, आणि लहान मूल तो करत नाही. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली मोटारींच्या धडकेची चित्रफीत दाखवून असेच काहीसे दाखवले होते. प्रश्नातले एक क्रियापद बदलले तर पाहणाऱ्यांनी सांगितलेला वेग बदलला, आणि आठवड्यानंतर काहींना चित्रफितीत नसलेल्या फुटलेल्या काचाही आठवल्या. आपल्या भाषेतला असाच दुसरा सापळा म्हणजे आदरार्थी बहुवचन. मूल म्हणते, "ते घरात आले." ते म्हणजे एक वडीलधारा माणूस की चारजण? मुलाने एकाविषयी आदराने सांगितलेले वाक्य जबाबात अनेकांचे होऊन बसू शकते. तसेच 'म्हणे'. मूल 'तो पळाला म्हणे' असे सांगते तेव्हा ते स्वतः पाहिलेले सांगत नसते, ऐकलेले सांगत असते, आणि जबाब लिहिताना हा इवलासा शब्द हमखास गळतो. कागदावर उरते ते 'सदर इसम घटनास्थळावरून पळून गेला'. एवढ्या वयाचे कोणते मूल असे बोलते?


सत्र_न्यायालय_वकील (कोल्हापूर) यांचे उत्तर

वरील ताईंशी मी सहमत आहे. मी गेली अठरा वर्षे फौजदारी वकिली करतो, मुख्यतः बचाव पक्षाकडून. तुमचा अहवाल ज्याच्या हातात पडेल त्याच्या बाजूने काही सांगतो.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत सुसंगत, म्हणजे न्यायालयाने विचारात घेण्याजोगे, ठरते. पूर्वीच्या कायद्यात हे कलम ४५ होते. मात्र मत सुसंगत ठरले म्हणजे ते मान्य झाले असे होत नाही. मी उलटतपासणीला उभा राहतो तेव्हा माझे पहिले प्रश्न तुमच्या निष्कर्षाबद्दल नसतात. आपण या व्यक्तीला किती वेळा भेटलात? एकूण किती मिनिटे? त्या वेळी खोलीत आणखी कोण होते? चाचणी कोणत्या भाषेत होती? तिची प्रमाणके, म्हणजे गुणांची तुलना ज्यांच्याशी करायची ती सरासरी, कोणत्या लोकसमूहावर आणि कोणत्या साली तयार झाली? एका खटल्यात साक्षीला आलेल्या तज्ज्ञांनी आरोपीची एकच भेट घेतली होती, चाचणी इंग्रजीत होती आणि ती वाक्यावाक्याने मराठीत सांगण्याचे काम एका शिपायाने केले होते. निष्कर्ष कदाचित बरोबरही असेल, परंतु त्या उत्तरांनंतर न्यायाधीशांनी पेन खाली ठेवले ते मी पाहिले. त्या तज्ज्ञांची पदवी मोठी होती, पण तिचा तिथे काही उपयोग झाला नाही.

बुद्धिमापन चाचण्यांच्या बाबतीत हा मुद्दा विशेष जड जातो. डॉ. कामत यांनी बिने चाचणीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी केलेले रूपांतर किंवा नागपूरच्या डॉ. मालिन यांनी वेक्सलर यांच्या चाचणीवरून भारतीय मुलांसाठी बांधलेली चाचणी, या दोन्ही आपल्याकडे अजून वापरात आहेत आणि त्या करणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण त्यांची प्रमाणके कित्येक दशकांपूर्वीची आहेत. प्रमाणके जुनी झाली की आजच्या मुलाचा गुणांक प्रत्यक्षाहून जास्त दिसतो, हे मला एका मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी समजावले. बौद्धिक अक्षमतेची सीमा जिथे मानतात त्या सत्तरच्या आसपासच्या गुणांकाला या फरकाने सगळे चित्र बदलते. पदव्युत्तर अभ्यासात संख्याशास्त्र आणि मानसमापन हे विषय कंटाळवाणे वाटले तरी टाळू नका; साक्षीदाराच्या पिंजऱ्यात तेच तुम्हाला उभे ठेवतील.

भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ बद्दल, म्हणजे पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील कलम ८४ बद्दल, एक गोष्ट मनाशी पक्की ठेवा. वैद्यकीय अर्थाने आजारी असणे आणि कायद्याच्या अर्थाने जबाबदारीतून मुक्त असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. कृत्य करताना त्याचे स्वरूप, किंवा ते चूक अथवा कायद्याविरुद्ध आहे हे, आरोपीला समजत होते का, एवढेच न्यायालय विचारते, आणि तेही त्या क्षणापुरते. तुम्ही मात्र आरोपीला त्यानंतर काही महिन्यांनी भेटता. म्हणून जुने केसपेपर, गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, शेजाऱ्यांचे म्हणणे आणि घटनेनंतरच्या काही तासांतले वर्तन जमवण्याची चिकाटी हवी. निष्कर्ष काढायला पुरेशी सामग्री नसेल तर तसे लेखी सांगण्याचे धाडसही हवे. वकील म्हणून मला ते वाक्य गैरसोयीचे वाटेल, पण तरीही तुम्ही ते लिहा.

कामाच्या संधीबाबत सांगायचे तर, २०२२ सालच्या मनोज विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षेचा विचार करताना आरोपीचे मानसशास्त्रीय आणि मनोविकारविषयक मूल्यमापन न्यायालयासमोर ठेवण्याचे दायित्व राज्यावर टाकले आहे. त्या माणसाचे बालपण कसे गेले, त्याला कोणते आघात झाले आणि त्याच्यात सुधारणा होण्याची शक्यता किती आहे, हे सांगणारा अहवाल नीट लिहू शकणारी माणसे आपल्या जिल्ह्यांत मला शोधूनही सापडत नाहीत. हे मी तुमच्या वडिलांसाठी लिहीत आहे.


गांधीनगर_ते_नाशिक यांचे उत्तर

मी गांधीनगरहून न्यायसहायक मानसशास्त्राची एम.एस्सी. पूर्ण केली आहे, त्यामुळे त्या बाजूनेही काही सांगणे माझे कर्तव्य आहे. हे विद्यापीठ आधी गुजरात राज्याचे होते आणि २०२० च्या कायद्याने ते राष्ट्रीय महत्त्वाची संस्था झाले. दिल्लीत रोहिणी येथे असलेली गुन्हेशास्त्राची जुनी राष्ट्रीय संस्था आता त्याचाच भाग आहे आणि गोव्यातही त्याचा परिसर आहे. प्रवेश विद्यापीठाच्या स्वतंत्र प्रवेशपरीक्षेतून होतो. कोणता अभ्यासक्रम कोणत्या परिसरात आहे, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहावे.

इथे शिकण्याचा मोठा लाभ म्हणजे तपास, प्रयोगशाळा आणि कायदा यांच्याशी रोजचा संबंध येतो. पॉलिग्राफचे यंत्र मी पहिल्यांदा इथेच हाताळले. छातीवर आणि पोटावर श्वासाच्या नळ्या, दंडावर रक्तदाबाचा पट्टा, बोटांना त्वचेची विद्युतवाहकता मोजणाऱ्या पट्ट्या. लोकांना वाटते की यंत्र लावले आणि खोटे पकडले. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वेळ जातो तो यंत्र लावण्यापूर्वीच्या मुलाखतीत. प्रत्येक प्रश्न त्या माणसाला आधी वाचून दाखवायचा, त्यातला प्रत्येक शब्द त्याला समजतो याची खात्री करायची, आणि मग हो किंवा नाही एवढेच उत्तर घ्यायचे. यंत्र मोजते ती शरीराची खळबळ, आणि निर्दोष माणूसही घाबरतो. वर्गात हे शिकणे वेगळे, आणि स्वतःच त्या खुर्चीत बसून, खरे बोलत असतानाही कागदावरची रेघ उसळलेली पाहणे वेगळे. आम्हा सर्वांना आळीपाळीने बसवले होते. मला ते कायमचे पुरले.

सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्याचा ५ मे २०१० चा निकाल या क्षेत्रातल्या प्रत्येकाने मुळातून वाचावा. नार्को (औषधाच्या गुंगीत प्रश्न विचारणे), पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युत्क्रियेची चाचणी व्यक्तीच्या इच्छेविरुद्ध करणे राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) आणि २१ चा भंग आहे, असे त्यात ठरले. संमती असली तरी चाचणीचा निष्कर्ष थेट पुरावा म्हणून घेता येत नाही. तिच्या मदतीने पुढे एखादी वस्तू किंवा माहिती सापडली तर ती ग्राह्य धरता येते. पॉलिग्राफची संमती दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवावी लागते. त्याआधी दोन वर्षे, २००८ साली, पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यातील निकालात मेंदूच्या अशाच चाचणीचा आधार घेतला होता आणि त्याची चर्चा परदेशातही झाली होती. त्या दोन तारखांमध्ये या विषयाने किती वळण घेतले, हे ध्यानात ठेवून अभ्यास केला तर यंत्राचा मोह आपोआप आवरतो.

महाराष्ट्रात मुंबईला कलिना येथे न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाची मुख्य प्रयोगशाळा आहे आणि राज्यात प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. या कामाची पदे मोजकी असतात आणि भरती दरवर्षी होत नाही. तुमच्या मैत्रिणीने सुचवलेल्या शासकीय संस्था चांगल्या आहेत, परंतु तिथला भर रसायन, जीवशास्त्र, विषशास्त्र, बोटांचे ठसे अशा विषयांवर आहे. तुम्हाला जे काम करायचे आहे त्याचा तो रस्ता नव्हे. अध्यापनाकडे वळायचे असेल तर राष्ट्रीय पात्रता परीक्षेत मानसशास्त्र, गुन्हेशास्त्र आणि न्यायसहायक विज्ञान हे तीन स्वतंत्र विषय आहेत. तुमच्या पदव्युत्तर पदवीला कोणता लागू होईल, हे आधीच तपासा.

मी माझी एम.एस्सी. वाया गेली असे मुळीच मानत नाही. तपासाच्या आणि प्रयोगशाळेच्या बाजूला ज्याला जायचे आहे त्याने जरूर यावे. मात्र तुम्ही जो प्रसंग लिहिला आहे तो वाचून मला वाटते की तुमचे मन यंत्राच्या खोलीत रमणार नाही, मुलाच्या समोरच्या खुर्चीत रमेल. तसे असेल तर पुण्याच्या ताईंनी सांगितलेला क्रमच योग्य आहे.


मिडलंड्स_मराठी यांचे उत्तर

इंग्लंडबाबत थोडेसे. मी इथे दहा वर्षांपासून आहे आणि एका सुरक्षित मनोरुग्णालयात काम करतो. इथे 'फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट' ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. आरोग्य व्यवसायांच्या नियामक परिषदेत नोंदणी असल्याखेरीज कोणालाही ती लावता येत नाही. एक वर्षाची मान्यताप्राप्त एम.एस्सी. ही फक्त पहिली पायरी आहे. त्यानंतर किमान दोन वर्षे देखरेखीखाली प्रत्यक्ष काम करून दुसरा टप्पा पूर्ण करावा लागतो, आणि ते काम कोणीतरी तुम्हाला द्यावे लागते. शिवाय ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटी ही इथली मानसशास्त्रज्ञांची संस्था तुमची भारतातली पदवी मूळ पात्रतेला पुरेशी मानते का, हे अर्ज करून आधी विचारावे लागते. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी त्यांचे लेखी उत्तर हातात असू द्या. एम.एस्सी. झाल्यावर दुसऱ्या टप्प्याचे काम न मिळाल्याने परतलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या हुशारीत काहीच कमी नव्हते.


कृष्णाकाठ यांचा पुढील प्रश्न

आपण सर्वांनी इतक्या मनापासून लिहिलेत, त्याबद्दल मी ऋणी आहे. वडिलांनी सगळे वाचले. कोल्हापूरच्या वकीलसाहेबांचा शेवटचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला आणि आईलाही वाचून दाखवला. आता ते 'कशाला' असे विचारत नाहीत, 'कुठे' असे विचारतात. मी आधी एम.ए. करून पुढे चिकित्सालयीन मानसशास्त्राकडे जायचे ठरवत आहे. पुण्याच्या ताईंना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा या कामाशी किती संबंध आहे? आणि प्रवेशापर्यंतच्या या आठ-नऊ महिन्यांत मी सांगलीत बसून काय करू शकते?


निरीक्षणगृह_पुणे यांचे उत्तर

टाटा संस्थेचा संबंध निश्चित आहे, पण तो समाजकार्याच्या बाजूने. तिथे गुन्हेशास्त्र आणि न्याय या विषयात समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते आणि १९९० पासून चालू असलेला 'प्रयास' हा त्यांचा प्रकल्प कारागृहांतील आणि पोलीस ठाण्यांतील माणसांसोबत काम करतो. त्यांच्याकडे मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षणही आहे. तिथे प्रवेश मिळाला तर कच्च्या कैद्याचे घर कसे चालते, जामिनाची रक्कम भरायला कोणी नसते म्हणजे काय होते, हे तुम्हाला जवळून दिसेल. मानसशास्त्रज्ञाच्या अहवालात ही माहिती नसते तेव्हा तो पोकळ होतो. पुढे प्रशिक्षणाच्या काळात ठाणे, येरवडा, नागपूर किंवा रत्नागिरी यांपैकी एखाद्या प्रादेशिक मनोरुग्णालयात काम करण्याची संधी आली तर सोडू नका. न्यायालयाने पाठवलेले रुग्ण तिथे येतात, आणि अहवालाच्या दोन ओळींसाठी तीन आठवडे निरीक्षण कसे करतात ते तिथे शिकता येते.

सांगलीत बसून करण्यासारखे बरेच आहे. तुम्ही ज्या मुलीसोबत गेला होतात तिला त्या दिवशी एक 'साहाय्यक व्यक्ती' मिळायला हवी होती. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत तिची तरतूद आहे. मुलाला आणि कुटुंबाला तपासापासून निकालापर्यंत सोबत करणे, न्यायालयाची खोली आधी दाखवून आणणे, कोण कुठे बसते ते सांगणे, ही तिची कामे. तसेच कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे वकिलाने मुलाला थेट प्रश्न विचारायचे नसतात; ते न्यायाधीशांकडे द्यायचे आणि न्यायाधीशांनी मुलाला विचारायचे, शिवाय मध्ये विश्रांतीही द्यायची. जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन साहाय्यक व्यक्तींना प्रशिक्षण कोण देते ते विचारा आणि तिथे मदतनीस म्हणून घेतले तर जा. मदत करताना मुलाला उत्तरे शिकवायची नाहीत, ही मर्यादा मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. शिकवलेले मूल उलटतपासणीत कोसळते आणि त्याचे खरे म्हणणेही त्यासोबत वाहून जाते.

पॉक्सोचे कामकाज बंद खोलीत चालते, परंतु इतर खटले खुल्या न्यायालयात चालतात आणि तिथे कोणत्याही नागरिकाला मागच्या बाकावर बसता येते. आठवड्यातून एक दिवस सत्र न्यायालयात जाऊन बसा. आत मोबाईल बंद ठेवा, आणि काही टिपून घ्यायचे असेल तर आधी शिरस्तेदारांना विचारा. परवानगी मिळाली नाही तर बाहेर आल्यावर आठवून लिहा. वहीच्या पानाचे दोन भाग करा. डावीकडे साक्षीदाराला विचारलेला प्रश्न जसाच्या तसा, उजवीकडे त्याचे उत्तर. माणसांची नावे कुठेही लिहू नका. घरी आल्यावर ज्या प्रश्नांच्या शेवटी 'ना', 'नाही का' किंवा 'बरोबर?' आहे त्यांच्याखाली रेघ मारा आणि समोरच्या रकान्यात किती वेळा नुसता होकार आहे ते मोजा. पन्नास पाने झाली की मला इथेच कळवा, आपण ती एकत्र पाहू.